शनिवारच्या सभेचं इतिवृत्त

गावभागातल्या आमच्या वाचनालयाच्या भिंतीवर
पुराची रेघ आहे, चौथ्या फळीच्या वर दोन बोटं.
पाणी उतरल्यावर मारलेली.
आधी कुणालाच माहीत नव्हतं कुठवर येईल.

शनिवारी विषय होता:
‘आपण कोण, हे आपण सांगायचं की कागदानं?’
खुर्च्या एकतीस, माणसं चाळीसेक.
मार्केट यार्डातून थेट आलेल्यांच्या बाह्यांना हळद.
घंटा माझ्याकडे. पाच मिनिटांना एक ठोका, सहाला दोन.

पहिला बोलला रेवण पाटोळे,
मिरजेत तंबोऱ्यांची जवारी काढतो.
म्हणाला, माझी मावशी कवठेमहांकाळची,
जन्मभर ‘मी येतो, मी जातो’ म्हणाली.
लुगड्यात, कुंकवात, पाच लेकरांची आई.
कुणी तिला दाखला मागितला नाही.
मी ‘आलो’ म्हटलं की मात्र
अख्खा तालुका माझी जन्मनोंद हुडकतो.

लोक हसले. बरं हसले.

मग कुसुमताई मगदूम.
मुलींच्या वसतिगृहात बावीस वर्षं रेक्टर.
चष्मा पुसत म्हणाल्या,
मावशीची बोली गोड, पण बोलीवर खोली देता येत नाही.
एका खोलीत तीन मुली, दाराला एक कडी,
आणि जतहून, आटपाडीहून एसटीनं येऊन
हात जोडून गेलेले त्यांचे बाप.
उद्या कुणी दारात उभं राहून ‘मी मुलगी’ म्हटलं
तर मी काय तपासायचं, आणि कुठल्या तोंडानं?
हे विचारलं म्हणून मी वाईट ठरणार असेन
तर मला इथं बोलावलंत कशाला?

रेवण मान हलवत होता,
होकाराची नव्हे, ऐकल्याची.

चार मिनिटं दहा सेकंदांना
मागच्या दाराशी कुणीतरी रेवणचं जुनं नाव घेतलं,
शाळेच्या हजेरीतलं.
आणि त्याला एक शब्द जोडला.

मी घंटा वाजवली.
वेळ झाली नव्हती.

हे वाक्य नंतर पुष्कळदा तपासलं.
‘मी घंटा वाजवली’,
ह्यात माझं लिंग कुठंच नाही, घंटेचं तेवढं आहे.
भाषेनं ठेवलेली अशी एक ओसरी,
जिथं न सांगता टेकता येतं.
रेवणला ओसरीवर नव्हतं बसायचं.
त्याला घरात यायचं होतं.

दाराशी गलका: बोलायचं स्वातंत्र्य आहे की नाही?
कुसुमताईच वळल्या.
माझ्या बाजूनं ओरडू नका.
माझी बाजू मला नीट मांडायचीय,
तुम्ही तिच्यावर थुंकताय.
रेवण म्हणाला, त्याला हाकलू नका.
पुढं खुर्ची द्या.
माझ्या नावानं हाक मारू दे
आणि मग विचारू दे, काय वाट्टेल ते.

तो पुढं आला नाही. चपला सरकवून गेला.
तो गप्प झाला की त्याला मी गप्प केलं,
अजून कळत नाही.
पाणी कुठवर आलं होतं,
घंटा उचलताना बघितलंच नव्हतं.

कुसुमताईंची पन्नास सेकंदं उरली होती.
त्या म्हणाल्या, रेवणराव
(राव जरा घशात अडकलं, पण आलं),
कडीचा प्रश्न तसाच आहे.
आहे, ताई, तो म्हणाला.
मी पण रात्री कडी लावूनच झोपतो.

आता वही माझ्यापुढं.
‘श्री. पाटोळे म्हणाले’ इथं पेन अडत नाही.
अडतं त्या शब्दापाशी.
गाळला तर वही खोटी.
लिहिला तर कपाट उघडेल तेव्हा तो पुन्हा दाराशी उभा.

रेवणला फोन केला.
मागं एकच तार वाजत होती, तीच, तीच,
अजून न लागलेली.
लिहा, म्हणाला. पण पेन्सिलीनं.

ड्रॉवरमध्ये टाचण्या, शिक्का,
पुरानंतर दगड झालेलं खोडरबर.
पेन्सिल नाही.