मागचा डावा

आवाज एकच. खट्.
घासून नाही, लांबट नाही,
कुणी मुठीनं दार वाजवावं आणि
कडी काढेपर्यंत निघून जावं, तसा.

येवद्याला लग्नाचं सामान उतरवून
रात्री दीडला परत येत होतो, हौद रिकामा.
पुलाच्या अलीकडे काळ्या मातीनं
डांबराला लाट आणलीय, तिथं
खट्.
मी आरसा पाहिला.
आरशात आवाज दिसत नाही,
तरी माणूस पाहतो.

सकाळी मुनाफ मिस्त्रीनं गाडीकडं पाहिलंसुद्धा नाही.
बशीतला चहा संपवला.
"केव्हा येते?"
"रिकामी असली की."
"अन् भरल्यावर?"
"भरल्यावर नाही येत."
"येत नाही, का तुले आयकू येत नाही?"

आता काय सांगणार.
माझं बिछायत केंद्र. गाडी भरली म्हणजे
बारा गंगाळं, चाळीस पराती, झारे, कढया,
मंडपाचे पाइप, वरून खुर्च्यांची चळत.
एवढ्या खणखणाटात
कुणी माझ्या नावानं बोंब मारली
तरी मला वाटेल, झाकण सरकलं.

"वजन पाह्यजे," मिस्त्री म्हणाला, "पण मुकं."

पानठेल्यावरचे सातजण उठवून आणले.
त्यात मोतीराम तायडे, ज्याला
झोपेतही बोलताना लोकांनी ऐकलंय,
आणि निवडणुकीपासून एकमेकांकडं
पाठ करून बसणारे दोघे चुलतभाऊ.
"हौदात बसा. तोंड बंद, कान उघडे."

झेडपी शाळेपुढचा गतिरोधक.
दुसऱ्या गिअरात, हळू.
सात माणसं, सात घट्ट मिटलेली तोंडं.
खिडकीतून पोरं बघत होती,
बाईंनी खडू खाली ठेवला.

खट्.

सातांनीही ऐकला,
सातांनी सात जागा दाखवल्या:
स्टेपनी, शॉकप, पाट्याचा मधला बोल्ट,
डिफरन्शल, फाळक्याची कडी.
चुलतभावांनी एकमेकांच्या विरुद्ध चाकाकडं बोट केलं.

मग मिस्त्री खाली गेला.
यू-बोल्टला पाना लावला, घट्ट.
शॉकप सोडून हातानं दाबला, जड, बरोबर.
पाटे मोजले, पाचही अख्खे.
स्टेपनीला टाच मारली. ती गप्प.
"सुयोग, हालव रे."
सुयोग मागच्या बंपरवर चढून
गुडघ्यांत वाकत गाडी खालीवर करू लागला.
मिस्त्री गोणपाटावर उताणा, डोळे मिटून,
झोपलेल्या पोराला ताप आहे का पाहावं
तसा एकेका सांध्यावर बोट ठेवत.

बराच वेळ.
शाळेत पाढे सुरू झाले होते, सत्तावीसचा चालू होता.

"हा पाय. मागचा डावा शॅकल.
कानाले सात जागा सापडते. बोटाले एकच."

बुश निघाला तो असा:
एका बाजूला बोटभर रबर,
दुसरीकडं पापडाच्या कडेएवढं.
नव्वद रुपयांची वस्तू.
मी म्हटलं, "डावाच कसा?"
मिस्त्रीनं हात पुसले.
"कढया कोण्या बाजूनं ठेवता?"

डावीकडं.
गोदामाची भिंत उजवीकडं पडते म्हणून.
अकरा वर्षं डावीकडं.
देवानंद हमाल त्याआधी बंडीतही
डावीकडंच रचायचा, का ते
त्याला विचारायचं राहून गेलं,
आणि आता तो नाही.

रात्री पुन्हा तोच रस्ता, हौद रिकामा.
पुलाच्या अलीकडे गाणी बंद केली.
काच खाली. श्वास धरला.
लाट आली, गाडी चढली, उतरली.

काही नाही.

थांबलो. मागे घेतली,
पुन्हा नेली.
काही नाही.
शेतातल्या जागल्यानं बॅटरी मारून विचारलं,
"काई हरपलं का, भाऊ?"
मी नाही म्हटलं,
आणि तिसऱ्यांदा गाडी मागे घेतली.