टिचकी

हळदीच्या बंद गोदामात प्रदर्शन भरलं,
सांगलीत, मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला.
भिंतींना दोन हात चुना दिला, तरी
ऊन चढलं की पिवळा वास छपरातून उतरायचा
आणि माझ्या राखाडी वाडग्यांत जाऊन बसायचा.

एकतीस भांडी. प्रत्येकाला एक चौथरा, एक दिवा,
आणि एक पाटी : कृपया हात लावू नये.
पाटी मीच लिहिली होती.
जपानात, बिझेनला, मोरिता-सान आधी हातातच द्यायचे वाडगा,
बूड वर करून दाखवायचे.
म्हणायचे, तोंड काय, सगळेच धुतात.

तिथं झिलई देत नाहीत.
भाताचं काड गुंडाळून भांडं भट्टीत ठेवायचं,
दहा-बारा रात्री लाकूड सारत राहायचं.
काड जळून जातं, वळ उरतो तांबडा,
घट्ट बांगडी काढल्यावर मनगटावर उरतो तसा.
इथं मी उसाचं पाचट गुंडाळलं.
वळ उठले, जरा आडदांड,
आमच्याकडचे.

एकदा त्यांनी विचारलं,
तुझ्या गावचं सगळ्यात जुनं भांडं कोणतं?
मी हरिपूरची पेवं सांगितली :
जमिनीच्या पोटात खड्डे, खड्ड्यांच्या पोटात हळद,
वर्षानुवर्षं. उघडलं की आधी कंदील सोडायचा,
विझला तर माणसानं थांबायचं.
ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले,
म्हणजे गावच भांडं आहे, तुम्ही त्याच्या काठावर राहता.
पुरात पेवं बसली, हे मात्र
माझ्या जपानीत बसेना.

तिसऱ्या दिवशी ज्योतीराम कुंभार आले.
चपला दारात काढल्या,
देवळात काढतात तशा नाही, चिखल होता म्हणून.
पाटी वाचली, सावकाश, शेवटपर्यंत.
मग सतरा नंबरच्या वाडग्याला
मधल्या बोटानं टिचकी मारली.

मिरजेचा तंबोरेवाला दुसऱ्या टोकाला होता,
त्यानं मान वळवली.
फोटो काढणारी पोरं थांबली.
आवाज संपेपर्यंत कुणीच काही बोललं नाही.

"भाजलंय झ्याक. माती कुठली?"
"सांगलवाडीच्या काठची. पुरानंतरची मळई."
नमुन्याला ठेवलेला कच्चा गोळा त्यांनी मोडला,
जिभेला लावला.
"चाळलीस?"
"चाळली."
"आणि बारीक चाळायची. चुनखडी हाय.
आखाडात फुलंल बग."

तेवढ्यात एका बाईंनी विचारलं,
ते सोन्यानं सांधलेलं असतं ना, ते कुठं ठेवलंय?
मी तोंड उघडलं होतं.
"आमी सांधत न्हाई," ज्योतीराम म्हणाले,
"फुटल्यालं आव्यावर पांघरतो.
खापराखाली नवी निवांत भाजत्यात."
बाई हसल्या.
मला हसू आलं नाही. जन्मभर ऐकत आले होते
की खापर कुणाच्या तरी माथी फोडायचं असतं.

सतरा नंबर खपला नाही. अठरा हजार किंमत होती.
आखाडात, रात्री अडीचला, मांडणीवर टक् झालं.
काठाजवळचा टवका उडालेला,
मुळाशी पांढरा ठिपका, जोंधळ्याच्या दाण्याएवढा.
मी तो नखानं खरवडला, जिभेवर ठेवला.
चरचरला.

भादव्यात घटांचा आवा रचला
तेव्हा वाडगा घेऊन गेले.
त्यांनी आधी बूड पाहिलं.
किमतीचा कागद काढू लागले, निघेना.
"ऱ्हाऊ दे, जळंल."
आणि वरच्या कडेला, जिथं वारा लागतो,
तिथं दोन फुटक्या घागरींच्या मधोमध
तो पालथा घातला.

खाली दोनशे घट होते.
कुठला कुणाच्या घरी जाणार,
अजून ठरायचं होतं.