सत्तेचाळीस नंबर

ऑगस्टात जर्सींना नुसता घाम असतो.
पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा,
आटलेल्या तळ्याच्या काठावर दिसतात तशा.
गार पाणी, अर्धा कप सोडा,
आणि तळघराचं दार सताड उघडं.

एकोणीस वर्षं मी या कॉलेजचा संघ धुते आहे.
खेळ अजून पुरता कळत नाही.
चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं,
नाही जमलं तर चेंडू दुसऱ्याच्या हाती, एवढं ठाऊक आहे.
(माझ्या भावाचं लग्न असंच गेलं.)

पण निकाल मला विचारा.
रविवारी सकाळी पिशवीची गाठ सोडली
की आकडा बघावा लागत नाही.
जिंकलेला संघ छातीवर मळतो,
हरलेला पाठीवर.
यंदा पाठी घासून घासून माझी बोटं सोलली.

एकेचाळीस-तीन. अठ्ठावीस-सहा.
एकदा जिंकलो, तेही समोरच्याची किक
खांबाला आपटून परत आली म्हणून.
त्या रात्री बीटचे ट्रक हॉर्न वाजवत गेले गावातून,
जणू साखर आमच्यामुळेच गोड झाली.

सिआले, थेट टोंगाहून आलेला, लाइनमन,
त्याची जर्सी एकटीच अर्धी मशीन भरते.
स्वतः पिशवी घेऊन जिना उतरतो,
‘मालो’ म्हणतो, म्हणजे आभार,
आणि ड्रायरला पाठ टेकून उभा राहतो जरा वेळ.
इथल्या वाऱ्याबद्दल त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

ऑक्टोबरात क्वार्टरबॅकचं गळ्याचं हाड मोडलं.
ब्रँट होवरसनची जर्सी कात्रीने उभी कापून आली,
गळ्यापासून खालपर्यंत.
मी ती धुतली, वाळवली, घडी घातली.
पुढे काय करायचं ते कुणी बोललं नाही.

आणि सत्तेचाळीस नंबर.
लेलँड फ्रोलिख, नव्वद माणसांच्या गावातला.
दर शनिवारी अंगात घालायचा, रेषेबाहेर उभा राहायचा,
दर रविवारी जर्सी जशीच्या तशी परत,
माझ्याच साबणाचा वास घेऊन.
तरी मी ती धुवायची.
वगळली तर कळेल त्याला, असं वाटायचं.

पाचव्या आठवड्यात तिला चिखल होता.
कोपरांवर, पोटावर, भरपूर.
हाताने चोळला तर खडी लागली,
आणि तेलाचा एक काळा थेंब.
मैदानात तेल नसतं.
तेल पार्किंगमध्ये असतं, बसच्या खाली.
त्या दिवशी त्याचे आईवडील
दोनशे मैल गाडी हाकत आले होते.
तेल मशीनला जात नाही.
मी ते हाताने काढलं,
आणि जिन्यावर तो भेटला तेव्हा
हवेबद्दल बोलले.

शेवटचा सामना. नोव्हेंबर, बर्फ,
रेषा दिसेनात, झाडूने शोधत होते.
शून्य-बावन्न.
कोरडे टॉवेल घेऊन मी वर आले होते,
नाहीतर मला दिसलंच नसतं.
कोच रूड यांनी मागे न बघता
दोन बोटं वाकवली.

तीन खेळी.
पहिलीत तो चुकीच्या दिशेने धावला.
दुसरीत कुणीतरी त्याला आडवा केला.
तिसरीत चौघं पडले त्याच्यावर,
आणि ढिगाऱ्याखालून उठला तेव्हा
हेल्मेटच्या जाळीत बर्फ भरलेला,
आत बहुतेक हसत होता.
स्टँड्समध्ये साठेक माणसं असतील.
सिआले मात्र एकटाच साठ जणांचा ओरडला.

रविवारी मी आधी त्याचीच पिशवी सोडली.
ओली होती. बस.
बर्फ काही ठेवत नाही मागे.
दिव्याखाली धरली, उलटी केली, शिवणी पाहिल्या.
कुठे काही नाही.
मग नाकाशी नेली.
घाम. आंबट, पोरगेला,
तीन खेळींचा.

ती इतरांबरोबर मशीनमध्ये टाकली,
सोडा मोजला, झाकण लावलं.
सुरू करायला
सोमवार उजाडला.