शेवटचा खेळ सुटल्यावर

सिबिऊच्या या जुन्या थिएटरात
तिकिटं फाडतो मी, आणि खेळ सुटला
की दार धरून उभा राहतो.

आजच्या सिनेमात एक शहर होतं,
तिथं भिंतींना कान होते. खरेच. मांसाचे.
दर रविवारी लोक ते कोमट पाण्यानं धुवायचे.
शेवटी नायिका एका कानाला तोंड लावते,
काहीतरी सांगते,
काय, ते आपल्याला ऐकू येत नाही.

होरिया रडवेला बाहेर आला.
‘हे येणारच आहे,’ म्हणाला, फोन बंद केला.
कोपऱ्यावर पोचेतो पुन्हा त्याच्या गालावर उजेड.

पायऱ्यांवर इलिंका आणि तिचा नवरा:
‘तिनं शिवी दिली.’
‘नाही, तिनं नावं दिली.’
गाडीचं दार आपटेपर्यंत तेच.

कुणीतरी म्हणालं, लांबलाय फार.
कुणाला ते कान आवडले, कसे बनवले असतील?

वेतुरियाबाई सगळ्यांच्या मागून, काठी टेकत.
सगळे गप्प असताना अंधारात
एकटीच हसत होती ती.
‘रांगेत कुणी भांडतच नाही!
पावासाठी उभं राहिलेलं दिसत नाही यांच्यात कुणी.
आणि कान कसले रे?
आम्हांला शेजारी होते.’

मग रुमालानं डोळे पुसत,
अगदी सहज,
‘तिसऱ्या मजल्यावरचा तुझा बाप
बरा आहे ना आता?’

बरा आहे, म्हणालो.
बाहेर बर्फ पडत होतं,
माझे कान तेवढे तापले.