छाट

हरभऱ्याचं पाणी रात्रीच गाळून ठेवलं होतं.
गिऱ्हाईक लिंगायत, अंडं चालत नाही,
बारशाची बिस्किटं चाळीस,
उद्या दहाच्या आत जुळे सोलापुरात.

साखर तीनदा चाळली,
शेवटी मलमलीतून,
कारण एक खडा पुरतो
कोनाचं तोंड बुजवायला.
बीटर फिरवला. पाणी फेसाळलं, फेस दाटला,
लिंबाचे चार थेंब,
आणि चमचा उचलला तर
साखरेचा शेंडा उभा राहिला, किंचित वाकून,
कारखान्यात मुनीमापुढे नवी बाई उभी राहते तसा.

पण मे महिना. विडी घरकुलचा पत्रा.
वाटीतली साखर बघता बघता साय धरायला लागली.
वर ओला टॉवेल टाकला, आपल्याच गावचा,
कडेला मोर असलेला,
दर दहा मिनिटांनी पिळून परत.
शेजारच्या मागांचा कोंडा उडतो,
ओल्या साखरेवर येऊन बसतो.
सगळी गल्ली वीज जाते म्हणून शिव्या घालते,
मी एकटी दोन वाजायची वाट बघत होते.

माग थांबले.
बटर पेपरचे कोन वळायला घेतले.
पहिला सुटला, दुसऱ्याचं टोक फाटलं,
तिसऱ्यातून साखर माझ्या कोपरापर्यंत आली.

अत्तम्मा उंबऱ्यात, मांडीवर सूप, सुपात पानं.
बघत होत्या. उठल्या, मोरीत गेल्या.
आधी साबण, मग राख, मग लिंबाचं साल,
नखांना जुना ब्रश.
मी हे कधीच सांगू शकले नसते.
छत्तीस वर्षांची तंबाखू, सांगायची कशी?
हात माझ्या नाकाशी धरले, "येतो का वास?"
नाही, म्हटलं.
थोडा येत होता.

फर्मा नव्हता. नजरेनंच माप घेतलं,
कात्रीनं कागद तिरका कापला,
अंगठा आत, बोट वर, एक वळसा,
मागचा काठ आत दुमडला. दोरासुद्धा लागला नाही.
टोक असं, की मुंगीनं वाकून बघावं.

कडेला घट्ट साखर, आत पातळ.
पातळ म्हणजे किती? सुरीनं रेघ ओढायची,
दहा मोजेपर्यंत ती मिटली पाहिजे.
मी मराठीत मोजत होते, त्या तेलुगूत,
ओकटि, रेंडु, मूडु.
त्यांचं तोम्मिदि झालं आणि रेघ मिटली. माझं सातच.
"हळू मोजतेस," म्हणाल्या,
"कट्टे बांधले नाहीस ना कधी."

नाव फोनवर कळलं होतं.
बाळाची आई कुजबुजली, आत्यालासुद्धा माहीत नाही अजून.
साखर वाळायला रात्र लागते,
तिला कुर्र होईपर्यंत थांबता येत नाही.
म्हणून पाळण्याआधी ते नाव आमच्या ओट्यावर आलं,
त्रेचाळीस वेळा,
प्रत्येकाखाली एक बदक.
मी इथंही सांगणार नाही.
त्यात एक वेलांटी आहे, एवढंच.

सकाळी अत्तम्मांनी एकेक बिस्किट उजेडात धरलं.
असंच तो चेकर त्यांच्या विड्या उचलायचा,
दाबायचा, न बोलता बाजूला टाकायचा.
छाट. तिची मजुरी नाही.
"हिची वेलांटी पळाली. छाट.
ह्यात कोंडा. छाट.
ह्या बदकाला डोळा एकच."
बदक आडवं आहे, अत्तम्मा, एकच दिसणार.
जरा विचार केला. "पास."
आणि एक, चांगलं वाळलेलं, सरळ ओळीचं,
काहीच न बोलता बाजूला.

चाळीस डब्यात भरली.
ते एक त्यांनी चहात बुडवलं.
वेलांटी आधी गेली, मग अक्षरं,
बदक बराच वेळ तगलं.
"फार गोड," म्हणाल्या,
आणि सूप पुढे ओढलं.
हजारातल्या चारशे अजून वळायच्या होत्या.