वढवाणा, आश्विन अखेर

बडोद्याहून निघालो, डभोई ओलांडली, तरी उजाडलं नव्हतं.
स्कूटर इथेच ठेवा, हेमूभाई म्हणाला,
आवाजाने उठतात.
तळ्याच्या बांधावरून चाललो. चपलेत दव.

आधी ऐकू आलं,
गंजलेली बिजागरी कुणी हळूच उघडावी तसं,
मग एकेक मान.
पट्टकादंब.
डोक्यावर दोन काळ्या रेघा,
बँकेत मी बेरजेखाली मारायचो तशा.

चौदा.
मागच्या वर्षी एकवीस होते.
उरलेले वाटेत असतील, हेमूभाई म्हणाला.
हिमालय ओलांडून आलेले हे
उतरल्या उतरल्या गवत उपटायला लागले,
जणू कालच इथून उठले होते.

थर्मासचं झाकण फिरवत त्याने विचारलं,
तुमचं मूळ गाव कुठलं?
दांडिया बाजार.
ते नाही, त्याआधीचं.
त्याआधी पणजोबा. कागदावर वाई लिहिलंय.
एकदा गेलो होतो,
बस चुकली म्हणून.

तो हसला. वहीत चौदा लिहिले,
पेन्सिलीने.

पाण्यावर ऊन आलं.
एक परीट शेपूट हलवत
आमच्या चपलांपाशी फिरत होता.
त्याला मोजायचं राहिलंच.