ताणकाटा

ऑगस्ट. शारजा, इंडस्ट्रियल एरिया दहा.
पत्र्याखाली पंखा फिरतो तो केवळ पगार मिळतो म्हणून.
खलफानची पांढरी टोयोटा जॅकवर चढवलेली,
आणि तो म्हणतो, काढ.
काय काढू?
जे जे पळायला लागत नाही ते.

सोळा वर्षं मी गाड्यांत भरतच आलो :
मऊ गाद्या, जाड काचा, मोठे स्पीकर,
बाहेरचं जग ऐकू येऊ नये म्हणून दारांत डांबराचे थर.
आता उलटं.

माझ्याकडे ताणकाटा आहे, रोल्ल्याला बारा दिरहमला घेतलेला,
घरी जाताना बॅग जोखायला.
त्याच्याच आकड्याला मागची सीट टांगली :
साडेतेरा.
स्टेपनी पंधरा. गालिचा, उन्हात वाळवूनही, नऊ.
झरवली प्रत्येक आकडा पश्तूत मोठ्यानं म्हणतो,
मी मराठीत वहीत लिहितो,
खलफान अरबीत बेरीज करतो.
तिघांचं उत्तर एकच येतं तेव्हा चहा.

डांबर सहजी निघत नाही.
त्यावर सुका बर्फ पसरायचा, धूर बसेस्तोवर थांबायचं,
मग लाकडी हातोडा.
तळ तडकतो पापडासारखा.
छत्तीस तापलेल्या ऑगस्टांत
हाताला थंडी वाजली ती ह्या एकाच दिवशी.

दारातली आडवी पट्टी मात्र मी सोडली नाही.
तो म्हणाला, तीन किलो.
मी म्हटलं, बरगड्या पण जड असतात.
तो हसला नाही. पट्टी राहिली.

खरं भांडण एसीवरून.
कॉम्प्रेसर, पाइप, पुढची जाळी मिळून एकोणीस किलो.
अरे, ट्रॅकवर जाशील तो रस्त्यानंच ना,
सिग्नलला उभा राहशील तेव्हा?
भिजेन, म्हणाला.
एकोणीस.

वजनाचं मला कोणी शिकवू नये.
मागच्या मे महिन्यात काउंटरवर बॅग चौतीस भरली, मुभा तीसची.
दुधाची पावडर काढली, परत घातली,
मुलीसाठी घेतलेली इस्त्री काढली,
शेवटी दोन जीन्स आणि तिच्या आईचा स्वेटर
अंगावरच चढवून दाभोळचा मी विमानात बसलो.
तिथे बॅग जोखतात, माणूस नाही.
इथे माणूसही जोखतात.
खलफाननं रात्रीचा भात सोडलाय,
त्याची आई फोन करून मलाच विचारते,
मिस्त्री, माझ्या पोराला काय करून ठेवलंस?

मागच्या सीटखाली निघालं ते असं :
वाळू, अर्धा पेला.
खजुराच्या अकरा बिया.
पेट्रोलची पावती, अक्षरं उडालेली.
लहान मुलीची केसांची क्लिप, निळी, एक दात तुटलेला.

वाळू जोखली. बिया झरवलीनं खिडकीतून भिरकावल्या.
क्लिप खलफाननं उचलली,
बोटांत धरून उन्हाकडे केली,
आणि खिशात टाकली.
कोणाची, मी विचारलं नाही.
तो बहिणीबद्दल कधी बोलतो
तेव्हा भूतकाळात बोलतो, इतकं मला माहीत.

एकूण एकशे अठरा किलो.
कोपऱ्यात ढीग पडला तो दुसऱ्या गाडीसारखाच दिसत होता,
फक्त चाकं नसलेली.

ऑक्टोबरात तो ट्रॅकवरून आला,
गळ्यात ओला टॉवेल, शर्ट पिळून काढावा असा.
दोन सेकंद कमी, म्हणाला,
आणि कानांत अजून खडे वाजतायत.
तळाचा उघडा पत्रा खडे मोजत जातो, ते मी ओळखून होतो.

तेल बघायला आत वाकलो.
एसीच्या बटणाचं भोक रिकामं होतं ना,
तिथे दोन वायरी एकत्र धरून
निळी क्लिप चावून बसलेली.

ताणकाटा भिंतीवरच होता, हाताच्या अंतरावर.
इतक्या हलक्या वस्तूला तो हलत नाही.
वहीत मी एकशे अठराच ठेवले.